मोठी स्कूटर घ्यायचीय, पण कोणती? मराठवाड्यात राहणाऱ्यांनी ठरवायचं कसं

पाच-सात वर्षं ११० किंवा १२५ सीसीची स्कूटर वापरली की पुढची गाडी 'जरा मोठी' घ्यावी असं वाटू लागतं. मग रात्री जेवणं झाल्यावर व्हिडिओ बघणं सुरू होतं. प्रत्येक व्हिडिओत नवी गाडी आवडते आणि दोन महिन्यांनी हातात चार नावं उरतात, चारही पटलेली. यामाहा एरॉक्स, हिरो झूम १६०, टीव्हीएस एनटॉर्क १५०, सुझुकी बर्गमन. कुणी मध्येच एप्रिलियाचं नाव घेतं, कुणी म्हणतं आता इलेक्ट्रिकच घे.

हा गुंता सुटत नाही, कारण आपण चारही गाड्या एकाच वेळी सगळ्या बाजूंनी तोलत बसतो. त्यापेक्षा एकेक अट लावून गाड्या गाळत जावं, आणि अटींचा क्रम इथल्या रस्त्यांचा आणि घरांचा असावा. सगळे सीसीपासून सुरुवात करतात. माझं म्हणणं, मराठवाड्यात सीसी मागाहून बघावं. आधी पायाशी जागा, मग चाक, मग इंजिन, आणि त्यानंतर वजन-उंची आणि सर्व्हिसचं अंतर. एवढ्यात चारपैकी दोन-तीन नावं आपोआप गळतात.

जुन्या गाडीचं नेमकं काय खुपतं, ते कागदावर लिहा

डबलसीट चढाला गाडी रडते, ही इंजिनाची तक्रार झाली. खड्ड्यात मागचं चाक कंबरेत धक्का देतं, ही चाकाची आणि सस्पेंशनची. तासाभरात पाठ आणि गुडघे आखडतात, ही बैठकीची. तिन्हींवर उपाय निराळे आहेत, आणि शोरूमवाला तिन्हींवर एकच गाडी दाखवतो.

तक्रार फक्त धक्क्यांची असेल तर एक आगाऊ सल्ला देतो: आधी मागचा शॉक ॲब्सॉर्बर आणि दोन्ही टायर बदलून बघा. चाळीस हजार किलोमीटर पळालेल्या गाडीचा शॉक बहुतेक मेलेलाच असतो. काही हजारांत काम भागलं तर दीड लाख वाचले.

पायाशी काय ठेवता?

या प्रश्नावर सगळ्यात जास्त वेळ घालवा. शहरी परीक्षणांत याचा उल्लेख एका ओळीत उरकतात, पण आपल्याकडं अर्धा निर्णय इथंच होतो.

एरॉक्स आणि झूम १६० या दोन्ही गाड्यांना सपाट फूटबोर्ड नाही. मधोमध जाडजूड कणा आहे, त्याच्या दोन बाजूंना पाय ठेवायचे. या कण्यामुळं सांगाडा घट्ट राहतो आणि गाडी वेगात मोटरसायकलसारखी स्थिर वाटते. पण पायाशी गहू दळायला न्यायचा डबा ठेवता येत नाही. सरकीचं पोतं, फवारणीचा पंप, गॅसची टाकी, आठवडी बाजारातली भाज्यांची पिशवी, यातलं काहीच नाही. शोरूममध्ये नवरा हँडल धरून आरशात बघत असतो आणि बायको शांतपणे विचारते, "अहो, पोतं कुठं ठेवायचं हिच्यात?" त्या प्रश्नाला सेल्समनकडं उत्तर नसतं, तो सीटखालची डिक्की उघडून दाखवतो. एरॉक्सची डिक्की २४.५ लिटरची आहे. हेल्मेट आणि रेनकोट बसतो, पोतं नाही.

दुसरी गोष्ट साडीची. कण्यावरून पाय टाकून बसणं पंजाबी ड्रेसमध्ये जमतं, साडी नेसून चालवणाऱ्या बाईला रोजची कटकट होते. मागं एका बाजूला बसणाऱ्या आईला किंवा सासूबाईंनाही या गाड्यांची उतरती, पायरीची सीट अवघड जाते: मागचा भाग उंच, पाय टेकायला जागा नेमकी हवी तिथं नाही. घरातल्या ज्या बाईला मागं बसायचं आहे तिला शोरूमला न्या आणि उभ्या गाडीवर पाच मिनिटं बसवा. साडीगार्ड आणि मागच्या माणसाला धरायला हँडल असणं कायद्यानं लागतंच, पण साडीगार्ड किती रुंद आहे तेही डोळ्यांनी बघून घ्या.

बर्गमन, एनटॉर्क १५० आणि एप्रिलिया एसआर यांना सपाट फूटबोर्ड आहे. बर्गमनला तर पाय पुढं लांब करून ठेवायचीही सोय आहे, उंच माणसाला ती फार मानवते.

घरात दुसरी दुचाकी असेल आणि ओझ्याची कामं तिच्यावर होत असतील, तर ही अट सोडून द्या. एकच गाडी असेल तर कणा असलेली नावं इथंच खोडा. मन खट्टू होईल, पण पोतं रोजचं आहे.

चाक

स्कूटरचं चाक लहान असतं म्हणून खड्डा मोठा लागतो. दहा इंची चाक ज्या खड्ड्यात आत उतरतं, त्याच्यावरून चौदा इंची चाक बऱ्याचदा ओलांडून जातं. पुष्कळ ११०-१२५ सीसी गाड्यांना पुढं १२ आणि मागं १० इंची चाक असतं. साध्या बर्गमनचंही तसंच आहे. बाहेरून एवढी ऐसपैस दिसणारी गाडी, आणि मागं इवलंसं चाक! तिच्या ईएक्स प्रकारात मागचं चाक १२ इंची आहे, म्हणून बर्गमन घ्यायची तर तीच बघा. एनटॉर्कला दोन्हीकडं १२. एरॉक्स, झूम १६० आणि एप्रिलिया एसआर या तिघींना १४ इंची.

आता तुमचा रोजचा रस्ता कोणता ते बघा. धुळे-सोलापूर ५२ नंबरचा महामार्ग किंवा तुळजापूर-लातूर-नांदेड हा ३६१ नंबरचा, अशा चौपदरी रस्त्यांवर १२ इंची चाक पुरतं. तिथं त्रास चाकाचा नाही, बाजूनं जाणाऱ्या ट्रकच्या वाऱ्याचा असतो, आणि त्याला गाडीचं वजन उपयोगी पडतं. पण महामार्ग सोडून आत गावाकडं वळलं की डांबराच्या कडा तुटलेल्या, साइडपट्टी खचलेली, आणि समोरून एसटी आली की खाली उतरावंच लागतं. त्या एका वीतभर पायरीवरून चढता-उतरताना १२ आणि १४ मधला फरक हाताला लगेच कळतो. रोज असा दहा-पंधरा किलोमीटरचा रस्ता असेल तर १४ इंची चाकाला माझं मत.

दोन गोष्टी मात्र १४ इंची चाकाच्या विरोधात जातात. पहिली टायरची. एरॉक्सचा मागचा टायर १४०/७०-१४ मापाचा आणि झूमचा १४०/६०-१४. तालुक्याच्या टायरच्या दुकानात १० आणि १२ इंची टायर भिंतीवर टांगलेले असतात, ही मापं मागवावी लागतात. टायर गुळगुळीत व्हायच्या आधीच, आठ-दहा दिवस हाताशी ठेवून ऑर्डर द्यायची सवय लावून घ्या. सोबत ट्यूबलेस पंक्चरचं किट आणि छोटा पंप डिक्कीत असू द्या. जुन्या चेतकच्या पाठीवर स्टेपनी असायची, ते दिवस गेले.

दुसरी गोष्ट जमिनीपासूनच्या उंचीची. चाक मोठं म्हणजे पोट उंच, असं गृहीत धरू नका. एरॉक्सचा ग्राउंड क्लिअरन्स १४५ मिलिमीटर आहे, तर लहान चाकांच्या बर्गमनचा १६०. आपल्या गावांच्या वेशीवर लोकांनी स्वतः घातलेले गतिरोधक असतात, त्यांना माप नसतं. डबलसीट असताना एरॉक्सचं पोट तिथं घासू शकतं. टेस्ट राइडला याची खात्री करून घ्यायची, ती कशी ते पुढं येईलच.

आणि काळ्या मातीबद्दल कुणी काहीही सांगो, पावसाळ्यात ओल्या रानात कुठलीच स्कूटर जात नाही. चाक दहाचं असो की चौदाचं, चिखल मडगार्डमध्ये गच्च बसतो आणि चाक फिरायचं थांबतं. झूम १६० चे टायर ठोकळ्यांच्या नक्षीचे आहेत, ते खडीच्या आणि मुरुमाच्या वाटेवर छान धरतात. काळ्या चिखलात तेही साबणासारखे होतात. गाडी डांबरावर लावा आणि बांधावरून चालत जा.

आता इंजिन

कंपन्या कमाल वेग सांगतात. तो आपल्या कामाचा नाही, कारण चौपदरी महामार्गावरही दुचाकीला ताशी ८० ची मर्यादा आहे. समृद्धी महामार्ग जालना आणि छत्रपती संभाजीनगरजवळून जातो खरा, पण त्यावर दुचाकीला बंदी आहे. गाडी कितीही सीसीची असली तरी.

इंजिनाचं खरं काम ४० वरून ७० पर्यंत पटकन जाण्याचं. गळीत हंगामात दोन-दोन ट्रॉल्या लावलेला उसाचा ट्रॅक्टर पुढं असतो, त्याची लांबी ट्रकपेक्षा जास्त, आणि समोरचा रस्ता मोकळा असतो तो मोजके सेकंद. तिथं १२५ सीसी डबलसीट गाडी मूठ पूर्ण पिळूनही संथ उचलते. म्हणून गाड्यांची तुलना रिकाम्या वजनावर न करता भरल्या वजनावर करा. दोन माणसं मिळून १४० किलो धरू.

१२५ सीसीच्या बर्गमनचं वजन ११० किलो, ताकद ८.७ पीएस. माणसांसह २५० किलो, म्हणजे दर टनाला साधारण ३५ पीएस. एनटॉर्क १५० चं वजन ११५ किलो, ताकद १३.२ पीएस, तिचा हिशेब ५२ वर येतो. झूम १६० ची ताकद १४.८ पीएस, पण वजन १४२ किलो, म्हणून तीही ५२ च्या आसपासच. एरॉक्स १५ पीएस आणि १२६ किलो, ती ५६ वर.

या आकड्यांतून दोन गोष्टी दिसतात. १२५ वरून १५०-१६० वर जाण्यात उडी मोठी आहे, जवळपास दीडपट. पण १५० ते १६० मधल्या गाड्यांत आपसात फारसा फरक नाही. लोक नेमके या दुसऱ्या फरकावर तास घालवतात. तीन गाड्या दारात उभ्या असताना त्यांतली कुठली दोन पीएसनं जास्त यावर भांडू नका.

एकटेच जाणारे असाल, रोजचं अंतर शहरातल्या शहरात असेल, तर १२५ ला कमी लेखू नका. संभाजीनगरात सिडकोतून रेल्वे स्टेशनला जायला १५ पीएस लागत नाहीत.

इंजिन थंड कसं होतं, हेही बघायचं. एरॉक्स आणि झूम १६० मध्ये कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) फिरतं, एनटॉर्क आणि बर्गमन हवेवर थंड होतात. मे महिन्यात नांदेड-परभणीला पारा ४२-४३ वर असतो. त्या उन्हात लांबच्या पल्ल्याला कूलंटवालं इंजिन एकसारखी ताकद देतं. पण त्याची निगा वेगळी. टाकीतली पातळी अधूनमधून बघायची, आणि कमी दिसली तर कंपनीचंच कूलंट भरायचं. बोअरचं पाणी अजिबात नको. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यानं नळाच्या तोट्या पांढऱ्या पडतात, तोच क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. एरॉक्सचा रेडिएटर इंजिनाच्या उजव्या बाजूला आहे, पावसाळ्यानंतर त्याच्या जाळीतला चिखल हळू धारेनं धुऊन काढावा लागतो.

वजन आणि उंची

कागदावर सीटची उंची बर्गमनची ७८०, झूमची ७८७ आणि एरॉक्सची ७९० मिलिमीटर. फरक एका बोटाचाही नाही, तरी बसल्यावर निराळं वाटतं, कारण रुंद सीट मांड्या फाकवते आणि पाय जमिनीला चवड्यावरच टेकतात. सव्वापाच फुटांच्या आतल्या माणसानं बूट काढून, रोजच्या चपलेत बसून बघावं.

वजनाची परीक्षा गाडी बंद असताना होते. घरासमोर ओटा आहे का, गाडी उंबऱ्यावरून वाड्यात घ्यावी लागते का, गल्लीत वळवायला किती जागा आहे? १४२ किलोची गाडी चढावर मागं ढकलणं हे काम घरातल्या प्रत्येकाला जमायला हवं, निदान जे चालवणार त्यांना. शोरूममध्ये डबल स्टँडवर लावून आणि काढून बघा. सेल्समन 'मी करतो' म्हणून पुढं येईल, त्याला बाजूला उभं राहू द्या.

बेल्ट, सर्व्हिस आणि अंतर

स्कूटरला चेन नसते. इंजिनाची ताकद रबरी बेल्ट आणि रोलरवरून मागच्या चाकाला जाते. साधारण २०-२५ हजार किलोमीटरला बेल्ट बदलायचा असतो, आपल्या धुळीत आणि डबलसीट वापरात थोडा आधीच तपासून घ्यावा. बेल्ट तुटला तर इंजिन चालू राहतं आणि गाडी जागची हलत नाही. रस्त्याच्या कडेचा मेकॅनिक त्यात काही करू शकत नाही.

म्हणून कुठलीही गाडी पक्की करण्याआधी तिच्या सर्व्हिस सेंटरला जा. शोरूमला नव्हे, मागच्या वर्कशॉपला. काउंटरवर विचारा: या गाडीचा बेल्ट आणि रोलरचा संच आत्ता स्टॉकमध्ये आहे का? ब्रेक पॅड? पुढचा मडगार्ड? 'मागवून देऊ' असं उत्तर आलं तर किती दिवसांत, ते विचारा. बाहेर सर्व्हिसला उभ्या असलेल्या तशाच गाडीच्या मालकाशी दोन मिनिटं बोला, तो खरं सांगेल.

काही मोठ्या स्कूटरी कंपनीच्या सगळ्या दुकानांत मिळत नाहीत. एरॉक्स २०२१ मध्ये आली तेव्हा ती यामाहाच्या ब्लू स्क्वेअर शोरूममधूनच विकली जायची, झूम १६० हिरोच्या प्रीमिया शोरूममधून. तालुक्यात त्या कंपनीचं दुकान आहे म्हणून तिथं ही गाडी दुरुस्त होईलच असं नाही. उमरग्यात, किनवटला किंवा गेवराईत राहणाऱ्यानं आपल्या दारापासून त्या गाडीच्या वर्कशॉपपर्यंतचं अंतर मोजावं. माझ्या हिशेबात ते पन्नास किलोमीटरच्या वर गेलं की गाडी कितीही आवडो, दुसरं नाव बघावं.

एरॉक्सला किक नाही. बॅटरी उतरली तर गाडी ढकलूनही चालू होत नाही, कारण ऑटोमॅटिक क्लच इंजिनाला चाकाशी जोडतच नाही. तीन वर्षांनी बॅटरी आपणहून बदलायची. बाकी गाड्यांना किक आहे का, तेही बघून ठेवा.

पैशाचा हिशेब

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. झूम १६० जानेवारी २०२५ मध्ये १ लाख ४८ हजार ५०० रुपये एक्स-शोरूम किमतीला आली होती, एनटॉर्क १५० त्याच वर्षी सप्टेंबरात १ लाख १९ हजारांना. असे आकडे इंटरनेटवर तसेच पडून असतात, म्हणून आजचं लेखी कोटेशनच खरं मानायचं. पेट्रोलवरच्या या गाड्यांना राज्यात ११ टक्के रोड टॅक्स लागतो.

विम्यात एक बारीक भानगड आहे. नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, आणि त्याचे दर सीसीवर ठरतात. १५० सीसीपर्यंत तो ३,८५१ रुपये, १५० च्या वर ३५० पर्यंत ७,३६५ रुपये, जीएसटी वेगळा. एरॉक्स १५५ आणि झूम १५६ सीसीची, म्हणून दोघी वरच्या गटात जातात. एनटॉर्क १५० चं इंजिन १४९.७ सीसीचं आहे, ती खालच्या गटात राहते. एवढ्यावरून गाडी ठरवू नये, पण कोटेशनमध्ये हा फरक दिसला तर दचकू नका. विमा शोरूममधूनच घ्यायची सक्ती नसते. 'हँडलिंग चार्जेस' नावाची ओळ दिसली तर ती कशाची ते विचारा आणि काढायला लावा. गाडीसोबत हेल्मेट द्यायचा नियम आहे, तेही मागून घ्या.

पेट्रोलचा फरक वाटतो तेवढा नाही. रोज ४० किलोमीटर, वर्षाला ३०० दिवस, म्हणजे १२ हजार किलोमीटर. १२५ ची गाडी ४८ चं ॲव्हरेज देते आणि १५५ ची ४० चं असं धरलं, तर २५० आणि ३०० लिटर. पन्नास लिटरचा फरक, लिटरला १०५ धरले तर वर्षाला सव्वापाच हजार. परभणीकरांनी थोडे जास्त धरावेत. मनमाडच्या डेपोपासूनच्या वाहतुकीमुळं तिथला दर राज्यात चढा असतो, हे नेहमीच बातम्यांत येतं.

कर्जाचा कागद मात्र नीट वाचा. 'फक्त १० टक्के' हा दर फ्लॅट, म्हणजे शेवटपर्यंत पूर्ण मूळ रकमेवर असेल तर एक लाखावर तीन वर्षांत ३० हजार व्याज होतं, महिना ३,६११ रुपये हप्ता. बँकेच्या घटत्या शिलकीच्या पद्धतीनं हाच दर जवळपास १८ टक्के पडतो. आधी आपल्या बँकेत किंवा पगारदार पतसंस्थेत विचारून मगच शोरूमच्या फायनान्सवाल्यासमोर बसा.

त्याहून मोठी, आणि इलेक्ट्रिक

बीएमडब्ल्यू सी ४०० जीटी ऑक्टोबर २०२१ मध्ये ९ लाख ९५ हजारांना आली: ३५० सीसी, ३४ पीएस, २१४ किलो. होंडाची एक्स-एडीव्ही मे २०२५ मध्ये ११ लाख ९० हजारांना, ७४५ सीसी. गाड्या सुंदर आहेत. तेवढे पैसे आणि दर सर्व्हिसला पुण्याकडं जायची हौस असेल तर जरूर घ्या, पण मग हा लेख तुमच्यासाठी नाही.

इलेक्ट्रिकचा विचार रोजच्या अंतरावर आणि घरच्या विजेवर करा. जागेच्या बाबतीत त्या पेट्रोल गाड्यांना मागं टाकतात: एथर रिझ्टामध्ये सीटखालची ३४ लिटर आणि पुढची धरून ५६ लिटर, बजाजच्या नव्या चेतकला ३५ लिटरची डिक्की. दोन्हींना सपाट फूटबोर्ड आहे. दिवसाला साठ-सत्तर किलोमीटर, संध्याकाळी घरी परत, दारात अर्थिंग असलेला १५ अँपिअरचा सॉकेट आणि रात्रभर टिकणारी वीज, एवढं असेल तर पेट्रोल गाडीच्या आधी हीच बघा. गावात वीज कधी येईल याचा भरवसा नसेल, किंवा महिन्यातून दोनदा लातूरहून नांदेडला गाडीवर जावं लागत असेल, तर नको.

टेस्ट राइड अशी घ्या

शोरूमसमोरच्या गुळगुळीत रस्त्यावर एक चक्कर मारून काही कळत नाही. सोबत जो रोज मागं बसणार त्यालाच न्या आणि शोरूमला आधी फोन करून अर्ध्या तासाची वेळ मागा. गतिरोधकावरून डबलसीट हळू जा आणि पोट घासल्याचा आवाज येतो का ऐका. खडबडीत रस्त्यावर ३०-४० च्या वेगानं जाताना हँडल थरथरतं का बघा. अरुंद गल्लीत पाय न टेकता गाडी वळवा. मग मोकळ्या रस्त्यावर ४० वरून ७० पर्यंत पिळा. उसाच्या ट्रॅक्टरची हीच परीक्षा.

संभाजीनगरकरांना खुलताबादचा घाट जवळ आहे, बीडकरांना मांजरसुंब्याचा. शोरूमवाला तिथवर गाडी देणार नाही, पण एखाद्या ओळखीच्याकडं तीच गाडी असेल तर घाटात चालवून बघा. चढापेक्षा उतारात जास्त कळतं. स्कूटरची मूठ पूर्ण सोडली आणि वेग फार कमी झाला की क्लच सुटतो, मग इंजिन गाडीला धरून ठेवत नाही आणि सगळा भार ब्रेकवर येतो. एरॉक्स आणि झूम दोन्हींना मागं ड्रम ब्रेक आहे, एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाक अडकून घसरू न देणारी सोय) पुढच्या चाकालाच. लांब उतारात मूठ किंचित उघडी ठेवून दोन्ही ब्रेक थोडे थोडे लावत उतरायचं. ज्या गाडीत हे सहज जमतं ती आपली.

हेडलाइट दिवसा कळत नाही. शोरूम बंद व्हायच्या वेळी, अंधार पडल्यावर जा. शेतातून रस्त्यावर येणाऱ्या बैलगाडीला मागं दिवा नसतो.

घ्यायची कधी

सोयाबीनचे पैसे हातात येतात आणि दसरा-दिवाळी लागते, त्या दिवसांत शोरूममध्ये बसायला खुर्ची मिळत नाही. सूट कुठून मिळणार! पितृपक्षात हीच शोरूम ओस पडलेली असते. तेव्हा जाऊन भाव ठरवा, लेखी घ्या, आणि डिलिव्हरी घटस्थापनेनंतर घ्या. घरातल्या मोठ्यांचंही मन राहतं. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यातही स्टॉक काढायची घाई असते, फक्त गाडी त्याच वर्षी बनलेली आहे हे चेसिस नंबरवरून तपासून घ्या, कारण विकताना वर्ष मोजलं जातं.

जुनी घ्यायची असेल तर एप्रिलियाची एसएक्सआर १६० बघण्यासारखी आहे: ऐसपैस बैठक, सात लिटरची टाकी. पण बेल्ट कधी बदलला ते विचारा, आणि बेल्टच्या कव्हरमधून घरघर येते का ऐका. मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सही, कर्ज असेल तर ते फिटल्याचा बँकेचा फॉर्म ३५, दुसऱ्या आरटीओची गाडी असेल तर एनओसी. एमएच-२४ ची (लातूरची) गाडी एमएच-२६ मध्ये (नांदेडला) आणताना लोक 'नंतर बघू' म्हणतात आणि अडकतात.

डिलिव्हरीच्या दिवशी पूजेच्या घाईत तपासणी राहून जाते. नारळ फोडायच्या आधी ओडोमीटर बघा, टायरवरचा बनावटीचा आठवडा आणि वर्ष वाचा, दोन्ही चाव्या, टूलकिट आणि विम्याचा कागद हातात घ्या, आरसीवर जाणारं नाव आणि पत्ता एकदा वाचा. आणि टाकीत पेट्रोल किती आहे तेही बघा. बहुतेकदा फक्त जवळच्या पंपापर्यंत जाण्याइतकंच असतं.